पहिली चाळीस वर्षे

मराठी उद्योगाचा इतिहास सांगू लागलो म्हणजे आपण बहुधा किर्लोस्करवाडीपासून आरंभ करतो. निवडुंगाने आणि सापांनी भरलेला ओसाड माळ, त्यावर उभी राहिलेली भट्टी आणि त्या भट्टीतून बाहेर पडलेला लोखंडी नांगर हे चित्र वाचून-ऐकून आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु १० मार्च १९१० रोजी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या त्या माळावर ज्यांनी कारखान्याचा मुहूर्त केला ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर त्या वेळी वयाची चाळीस वर्षे पुरी केलेले गृहस्थ होते, आणि त्या चाळीस वर्षांत एक कला, एक नोकरी, एक गाव आणि एक चालता कारखाना एवढे सारे त्यांना मागे टाकावे लागले होते, ही गोष्ट मात्र आपल्या नजरेआड राहते. यंदाच्या अंकाचे हे प्रास्ताविक त्या चाळीस वर्षांविषयी लिहावे असे आम्हांस वाटले, त्याचे कारण आमच्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. येथे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी भरतीच्या परीक्षेत अपयश आले की मुलाचे आयुष्य वाया गेले असा निवाडा घरचे देतात, गाव देते आणि अखेर तो मुलगा स्वतःही देतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावकडील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घरात ग्रंथ, पाठांतर आणि चर्चा यांचे वातावरण. आणि मुलाचे चित्त मात्र रंगात आणि यंत्रात गुंतलेले. शाळेच्या पुस्तकात ज्याचे मन रमत नाही अशा मुलाविषयी त्या काळी, आणि आजही, एकच शब्द वापरला जातो; परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांनी तो शब्द वापरला नाही. त्यांनी पैशाची तजवीज करून धाकट्या भावाला १८८५ साली मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यास पाठविले. दोन वर्षांच्या आत तेथे ध्यानात आले की या विद्यार्थ्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून निर्दय निकाल कोणता मिळू शकेल? गावी परतून नशिबाला बोल लावण्यास एवढे कारण पुरेसे होते. लक्ष्मणराव परतले नाहीत. रंग सुटले तरी रेषा हातात उरली होती, आणि त्या रेषेला धरून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. त्याच विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली.

यंत्राचा नकाशा काढणे निराळे आणि यंत्राच्या अंगात हात घालणे निराळे. लक्ष्मणराव शिकवीत होते आरेखन, परंतु संस्थेच्या कार्यशाळेत ते विद्यार्थ्याच्या उत्कंठेने वावरत. लेथ कशी चालते, ओतीव लोखंड कसे वागते, वाफेच्या इंजिनाचा कोणता भाग कशासाठी असतो, हे त्यांनी पदवीवाचून, केवळ पाहून, विचारून आणि वाचून आत्मसात केले. त्याच सुमारास बेळगावात दोघा भावांनी सायकलींचा व्यवसाय मांडला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या व लोकांना चालवावयास शिकवावे, अशी ती व्यवस्था. १८८८ साली लागलेली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी या सायकलींच्या दुकानाची होय. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा देऊन बेळगाव गाठले. सरकारमान्य संस्थेतील पगाराची जागा सोडून सायकलीच्या दुकानात येऊन बसणे ही त्या काळच्या मध्यमवर्गाच्या दृष्टीने अधोगतीच होती. आमच्या मते मात्र त्यांच्या खऱ्या शिक्षणाचा प्रारंभ तेथून झाला, कारण तेथे त्यांची गाठ शेतकऱ्याशी पडली.

पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. आज धाराशिव, कळंब, भूम, परंडा या तालुक्यांतील कोणत्याही गोठ्यात विजेवर चालणारी कडबाकुट्टी दिसते, आणि तिचे नवल कोणास वाटत नाही. परंतु वैरणीची निम्मी नासाडी ज्या गोठ्यात रोज होत असे तेथे हाताने फिरविण्याचे ते यंत्र किती मोलाचे ठरले असेल हे ज्याने दुष्काळात जनावरे सांभाळली आहेत त्यालाच कळेल. त्यानंतर आला नांगर. अमेरिकन पुस्तके आणि मासिके वाचून, परदेशी नमुने पाहून लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर सिद्ध केला, आणि तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत खेडोपाडी पसरलेली होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या ठिकाणी थोडे थांबून विचार करावासा वाटतो, कारण ही कथा सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो आम्हांस अन्यायाचा वाटतो. ज्याचे वर्षभराचे अन्न एका हंगामावर अवलंबून आहे त्याने अपरिचित अवजारावर ती जमीन पणाला का लावावी? लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई, फाळ झिजला तर लोहार तो शेवटून देई. लोखंडी नांगराचा एखादा भाग तुटला तर त्याने कोणाच्या दारात जावे? या प्रश्नांना उत्तर दिल्यावाचून नांगर खपणार नाही हे लक्ष्मणरावांनी ओळखले. दुसऱ्या बाजूस, काळ्या भारी रानात हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या किती खोल जातात, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ढेकूळ उलटे पडून ती मुळे उघडी झाल्यावाचून ते रान साफ होत नाही, हे आमच्या भागातील कोणाही कुणब्याला सांगावे लागत नाही. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा पंखा ती माती कुशीवर पाडतो. शेतकऱ्याने हा फरक व्याख्यानातून मान्य केला नाही. रानात पाहून मान्य केला, आणि आम्ही म्हणतो, त्याने योग्य तेच केले. ज्याला आपण संशोधकाची प्रतिभा म्हणतो तिचा मोठा भाग ती दोन वर्षे धीर न सोडण्यात आणि गिऱ्हाइकाच्या शंकेला शत्रू न मानण्यात होता.

नांगर खपू लागले आणि तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीव वस्तीसाठी कारखान्याची जागा खाली करण्याचा हुकूम काढला. वय चाळिशीला टेकलेले, सारे भांडवल यंत्रात अडकलेले आणि यंत्रे ठेवण्यास जागा नाही! औंध येथील बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा तेथील दरबाराशी परिचय झाला होता. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार; त्यांनी या रंग सोडलेल्या चित्रकाराला आपल्या छोट्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि कर्जाची सोय करून दिली. बत्तीस एकरांचा तो माळ इतका निरुपयोगी होता की त्याच्यासाठी कोणी हेवा केला नसता. मात्र त्याच्या शेजारून आगगाडी जात होती, आणि निवड करणाऱ्याची दृष्टी रुळांवर होती. आम्हांस या प्रसंगात राजाच्या औदार्याइतकेच त्याच्या निवडीचे कौतुक वाटते. त्याने तारण मागितले नाही, पदवी विचारली नाही. माणसाचे काम पाहिले आणि सनद दिली.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून तो लांबवीत नाही. वाडीत अस्पृश्यतेला थारा देण्यात आला नाही, आणि ज्यांना समाज गुन्हेगार म्हणून ओळखत होता अशांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविण्यात आली. चिरंजीव शंतनुराव, जे १९०३ साली आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मले, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली शिकून परतले, आणि पंप, इंजिने, विजेच्या मोटारी यांचे युग सुरू झाले. एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धात विलायतेहून लोखंड येणे बंद झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी वितळविण्यास दिल्या. आमच्या जिल्ह्याला तोफांची ओळख करून द्यावयास नको. विजापूरच्या बुरुजावर आज मिरविणारी मुलूखमैदान तोफ अहमदनगरास ओतली गेली आणि विजापुरास जाण्यापूर्वी ती परंड्याच्या किल्ल्यात होती. एवढी प्रचंड धातूची मूर्ती एकसंध ओतणारे हात या दख्खनमध्ये होते. त्या हातांची विद्या शेतकऱ्याच्या कामी लागावी यासाठी मात्र आपल्याला तीनशे वर्षांहून अधिक थांबावे लागले.

आणि मासिकाच्या संपादकाने एक ऋण येथे नोंदविले पाहिजे. १९२० साली याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले. शंकर वासुदेव किर्लोस्करांनी पुढे त्याचे मराठीतील एक प्रमुख मासिक केले, आणि १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके त्याच वाडीतून बाहेर पडली. नांगर ओतणाऱ्या भट्टीच्या शेजारी छापखाना असावा, आणि त्यातून विधवाविवाह, विज्ञाननिष्ठा आणि नवे कथालेखन यांची चर्चा महाराष्ट्राच्या घराघरांत जावी, यात आम्हांस काही विसंगत वाटत नाही. उलट तसे जेथे घडत नाही तेथे भट्टी आणि छापखाना दोन्ही दुबळे राहतात असा आमचा अनुभव आहे.

लक्ष्मणरावांच्या आधी दोनच वर्षे, १८६७ साली, मुंबईत शंकर आबाजी भिसे जन्मले. यंत्रबुद्धीत ते कदाचित लक्ष्मणरावांहूनही सरस होते. तरुण वयात त्यांनी मराठीतून विज्ञानविषयक नियतकालिक चालविले. दादाभाई नौरोजींच्या साहाय्याने ते लंडनला स्थिरावले. छपाईचे खिळे विलक्षण वेगाने पाडणारे यंत्र त्यांनी निर्माण केले, आणि पुढे टाटांचे द्रव्यसाहाय्यही त्यांना लाभले. तरीही त्यांचे शोध या भूमीत रुजले नाहीत, आणि १९३५ साली न्यू यॉर्क येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या कर्तृत्वात काही उणे होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या यंत्राला जी बाजारपेठ आणि जे कारखानदार हवे होते ते सातासमुद्रांपलीकडे होते. लक्ष्मणरावांचे गिऱ्हाईक मात्र बांधावर उभे होते.

आता आमच्या जिल्ह्याविषयी. लक्ष्मणराव नांगर विकीत होते त्या काळी आम्ही मोगलाईत होतो. सोलापुराकडून येणारा माल हद्दीवर करोडगिरी भरूनच आत यावयाचा, आणि तहसील कचेरीपासून न्यायालयापर्यंत सारे दफ्तर उर्दूत चालावयाचे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे तडवळ्यावरून पुढे १९११ साली लातूरला गेली. यंत्रयुग आमच्या शिवारातून गेले, पण आम्ही त्याचे उतारू राहिलो. १९४८ साली निजामी राजवट संपली, तेरणेच्या काठी साखर कारखाना झाला, आणि तरीही केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आमचे नाव राहिले आहे. ज्या तेर गावच्या कुंभाराला सारा महाराष्ट्र ‘काका’ म्हणून वंदन करतो त्या गावच्या जिल्ह्याने हाताच्या विद्येला दुय्यम मानावे हे आम्हांस खरोखर क्लेशदायक वाटते.

कारण हात येथे आहेत. रस्त्यालगतच्या वेल्डिंगच्या दुकानांत सोयाबीनसाठी पेरणीयंत्राची फणी बदलणारे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नवी युक्ती जोडणारे, जुन्या मोटारीतून कडबाकुट्टी उभी करणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. आयटीआयचा दाखला घेऊन ते चाकणला जातात, आणि जे राहतात त्यांच्यापुढे कर्जाच्या अर्जासोबत जामीनदार, सातबारा आणि तीन वर्षांचा ताळेबंद यांची मागणी उभी राहते. चाळीस वर्षांच्या लक्ष्मणरावांकडे यांपैकी काय होते?

म्हणून जिल्ह्यातील पतसंस्था, बाजार समित्या, साखर कारखाने आणि ग्रामपंचायती यांच्या चालकांना आमची विनंती आहे: बाहेरून यंत्र मागविण्याची निविदा काढण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील एखाद्या कारागिराला पहिली मागणी द्यावी, पहिले यंत्र सदोष निघाले तर दुरुस्तीची मुदत द्यावी, आणि त्याच्या रकमेसाठी त्याला हेलपाटे घालावयास लावू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी रामूअण्णांचे स्मरण ठेवावे. आणि वाचकहो, आपल्या गावी असा कोणी कारागीर असेल तर त्याच्या संमतीने त्याच्या कामाची हकीकत आमच्याकडे लिहून पाठवा. पुढील वर्षीच्या अंकाची पहिली पाने आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.