समुद्रांत कुंभक वर्ज्य

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरचीं अकरा माणसें मालवणास जाऊन आलीं. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं ज्याचें काम आरंभिलें, त्या सिंधुदुर्गाचें दर्शन घ्यावयाचें, असें मला सांगण्यांत आलें होतें. परंतु तरुण मंडळींचा खरा बेत निराळा होता. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालीं उतरावयाचें व प्रवाळ पाहावयाचें, म्हणजे हल्लीं ज्यास स्कूबा डायव्हिंग म्हणतात तें करावयाचें, हें कुडाळ स्थानकावर उतरल्यानंतर उघडकीस आलें. असा बेत आज पुष्कळ घरांत चालूं असेल, म्हणून आम्हांस जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम प्रवाळाविषयीं. अमरकोशांत यास विद्रुम असेंहि नांव आहे, आणि पोवळें आपण रत्न म्हणून अंगठींत घालतों. वस्तुतः हें झाडहि नव्हे व दगडहि नव्हे. अत्यंत लहान प्राण्यांच्या समुदायानें पिढ्यान् पिढ्या बांधलेलें तें चुन्याचें घर होय. एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीस लागलेली. एकत्र कुटुंबच म्हणाना! त्या प्राण्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें व त्यांच्या अन्नाचा मोठा भाग तेंच पुरवितें. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ सालीं लक्षद्वीपांत हें मोठ्या प्रमाणावर घडलें. मालवणजवळील खडकांवरहि प्रवाळ ठिकठिकाणीं वाढलेलें असून तेथील समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झाला. अशा घरांत पाहुण्यानें हात लावूं नये, पाय तर मुळींच ठेवूं नये.

आतां साधनाविषयीं. टाकींत प्राणवायु असतो हा समज चुकीचा आहे. तींत आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं जें यंत्र सिद्ध केलें, त्याच्या योगानें भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा प्रत्येक श्वासास मिळते. पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट दाब १० मीटर खोलीवर असतो. तेथें छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर यावें, तर बॉइलच्या नियमाप्रमाणें ती दुप्पट जागा मागूं लागते व फुप्फुस फाटतें. थोडक्या खोलींतहि हा धोका आहे. म्हणून पहिला नियम असा कीं, श्वास कधींहि कोंडूं नये.

प्रवासाची आंखणी करणाऱ्यांनीं आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पावसाळ्यांत हा खेळ बंद असतो; हिंवाळा त्यास उत्तम. सर्दी झालेल्यानें उतरूं नये, कारण कानांतील दाब समतोल राखतां येत नाहीं. पाण्याखालीं दाबामुळें शरीरांत विरलेला नत्रवायु सावकाश बाहेर पडतो. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये असा दंडक आहे. घाट चढून देशावर परतणारांनींहि प्रशिक्षकास विचारून वेळ ठरवावी. आम्हीं पहिल्या दिवशीं समुद्र व दुसऱ्या दिवशीं किल्ला असा क्रम ठेवला.

खरा प्रसंग आदल्या रात्रीं आला. प्रत्येकानें भरावयाच्या फॉर्ममध्यें एक प्रश्न होता: दमा आहे काय, अथवा पूर्वीं होता काय? माझ्या धाकट्या नातवास, वय १५, लहानपणापासून दमा. तो कित्येक दिवस या एका सकाळची वाट पाहत होता. "बाबा, वर्ष झालें, त्यानें पंप घेतलेला नाहीं," सूनबाई म्हणाल्या. "‘नाहीं’ लिहिलें तर चालेल ना?" चिरंजीव लेखणी हातांत धरून गप्प बसले होते. "आजोबा, मी तर मिनिटभर कुंभक करतों," नातू म्हणाला. मुंजीनंतर प्राणायाम त्यास मींच शिकविला होता.

खरें सांगतों, मलाहि मोह झाला. मुलाचें तोंड पाहून कोणास होणार नाहीं? पण त्याच्या त्या शब्दानेंच मी भानावर आलों. पूरक, कुंभक, रेचक यांपैकीं मधला समुद्रांत सर्वथा वर्ज्य. आणि दमा म्हणजे तरी काय? श्वासनलिका आंखडतात, हवा आंत जाते, पण पुरती बाहेर पडत नाहीं. न करतां घडणारा कुंभकच तो. मीं ‘होय’ लिहावयास सांगितलें. डॉक्टरांच्या दाखल्यावांचून नेतां येणार नाहीं, असें प्रशिक्षकानें सकाळीं स्पष्ट सांगितलें. दमेकऱ्यास हें कायमचें वर्ज्य आहे असें नव्हे. नीट तपासून डॉक्टर कित्येकांस अनुमति देतात. पण तपासणी घरून निघण्यापूर्वीं व्हावयास हवी होती. ती चूक आम्हां वडील माणसांची.

इतर मंडळी पाण्यांत उतरलीं. नातू व मी होडींत बसून राहिलों. तो माझ्याशीं बोलत नव्हता. अर्ध्या तासानें त्याची थोरली बहीण वर आली. मासे कसे होते, रंग कसे होते, हें त्यानें विचारलें नाहीं. "खालीं ऐकूं काय येतें?" एवढेंच विचारलें.

"आपलाच श्वास," ती म्हणाली. "दुसरें कांहीं नाहीं. आणि तो थांबवायचा नाहीं, हेंच सारखें मनांत."

त्यानें माझ्याकडे पाहिलें. परत येतांना तो माझ्या शेजारीं येऊन बसला. पुढील आठवड्यांत डॉक्टरांकडे जावयाचें ठरलें आहे. ते काय सांगतील तें सांगोत. फॉर्मवर मात्र पुन्हां ‘होय’च लिहिलें जाईल.