जिल्ह्याचं नाव बदललं की डेटाबेसमध्ये काय बिघडतं? अहिल्यानगरच्या निमित्ताने

३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्मगावी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगर जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली. १३ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनवरची पाटीही बदलली.

पाटी बदलायला रंगारी लागतो. पण शाळा, बँका, रेशन, पीक विमा, शिष्यवृत्ती, जमीन या सगळ्यांच्या नोंदी आता कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि तिथे रंगारी चालत नाही. एकाच जिल्ह्याची दोन नावं नोंदींमध्ये शेजारी-शेजारी नांदायला लागली, की माणसाला काही अडत नाही. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे जिल्हे वाटतात.

त्याचा फटका कुणाला बसू शकतो, हे समजून घेण्यासाठी माहिती शोधली कशी जाते ते आधी बघावं लागेल.

तक्ते आणि प्रश्न

बहुतेक सरकारी आणि बँकिंग यंत्रणा 'रिलेशनल डेटाबेस' वापरतात. एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० साली ही कल्पना मांडली. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी एखाद्या सामायिक रकान्याने जोडायचे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने असतात आणि एका नमुन्यातला गट नंबर दुसऱ्यात शोधता येतो, तसाच हा प्रकार.

या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. विचारलेल्या प्रश्नाला 'क्वेरी' म्हणतात. तिचा साचा सोपा आहे: 'सिलेक्ट' म्हणजे काय हवं, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या तक्त्यातून आणि 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जांचा एक तक्ता आहे. २०२२ मध्ये भरलेल्या अर्जात जिल्हा 'अहमदनगर' आहे, २०२५ च्या अर्जात 'अहिल्यानगर'. कुणी क्वेरी लिहिली: 'अर्ज' तक्त्यातून त्या सगळ्या ओळी दे, जिथे जिल्हा बरोबर 'अहिल्यानगर'.

उत्तर येतं. लाल अक्षरात चूक दाखवली जात नाही, काही अडकत नाही. फक्त जुन्या ओळी त्यात नसतात. क्वेरी बंद पडली तर कुणीतरी दुरुस्त करतो. अशी बिनबोभाट चुकलेली क्वेरी मात्र अहवालात जाते, अहवाल बैठकीत जातो, आणि 'जिल्ह्यात अर्ज कमी आले' असा निष्कर्ष निघतो.

'दोन्ही नावं टाका ना!'

पहिला उपाय सगळ्यांना हाच सुचतो आणि तो चुकीचाही नाही. पण त्यात एक जुना सापळा आहे. समजा अट अशी लिहिली: जिल्हा 'अहमदनगर' ऑर जिल्हा 'अहिल्यानगर' अँड वर्ष २०२५.

वाचणाऱ्याला वाटतं, दोन्हीपैकी कोणतंही नाव आणि २०२५ साल. डेटाबेस मात्र 'अँड' आधी सोडवतो आणि 'ऑर' नंतर, जसा गणितात गुणाकार बेरजेच्या आधी होतो. त्यामुळे 'अहिल्यानगर'ला २०२५ ची अट लागते आणि 'अहमदनगर'च्या सगळ्या वर्षांच्या ओळी आत शिरतात. आकडा फुगतो. दोन्ही नावं कंसात घातली की प्रश्न सुटतो.

काही जण शॉर्टकट म्हणून 'शेवटी नगर असलेले सगळे' असा शोध घेतात. नाहीतरी जिल्ह्यातला माणूस स्वतःला 'नगरचा' म्हणवतो, तेव्हा ते नैसर्गिकही वाटतं. पण २०२३ पासून औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. म्हणजे या शोधात शेजारचा जिल्हाही येतो. शिवाय 'नगर' हे जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांपैकी एकाचं नाव आहेच.

दोन कर्जत आणि एक कोऱ्हाळे

खरी गुंतागुंत तक्ते जोडताना होते. एका तक्त्यात लाभार्थी आहेत, दुसऱ्यात तालुके. दोन्ही जोडायला तालुक्याचं नाव वापरलं, तर कर्जतचं काय करणार? अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुका आहे आणि रायगड जिल्ह्यातही कर्जत तालुका आहे. फक्त नावावर जोडणी केली तर कर्जतच्या प्रत्येक लाभार्थ्याला दोन ओळी मिळतात, एक राशीनच्या बाजूची आणि एक माथेरानच्या पायथ्याची. बेरीज केली की रक्कम दुप्पट. मूळ तक्त्यात किती ओळी होत्या आणि जोडणीनंतर किती झाल्या, एवढी मोजणी केली तरी ही चूक दोन मिनिटांत सापडते. ती मोजणी बहुतेक वेळा कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

गावांच्या नावांत तर आणखी मजा आहे. राहाता तालुक्यातलं 'कोऱ्हाळे' घ्या. त्यातला अर्धा 'ऱ्' कीबोर्डवरून दोन-तीन प्रकारे टाइप होतो. कुणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कुणी साध्या 'र' खाली नुक्ता देतो, कुणी 'र' आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले संकेत वेगळे असतात. 'ऱ' आणि नुक्ता दिलेला 'र' हे युनिकोडच्या नियमाने एकच आहेत आणि प्रमाणीकरणाची एक पायरी चालवली की जुळतात. अदृश्य चिन्हाचा प्रकार मात्र त्यानेही जुळत नाही, ते चिन्ह शोधून काढावं लागतं. त्यावर पुन्हा 'बुद्रुक', 'बु.' आणि 'बु॥' आहेतच.

अशी शंका आली तर अक्षरं मोजणं हा हुकमी उपाय. 'अहिल्यानगर' या शब्दात कॉम्प्युटरच्या हिशेबाने १० चिन्हं आहेत: अ, ह, इकार, ल, हलन्त, य, काना, न, ग, र. मोजणी ११ आली, तर शेवटी एखादी मोकळी जागा किंवा मधे अदृश्य चिन्ह लपलं आहे. मायएसक्यूएलमध्ये मोजताना 'लेंग्थ' वापरलं तर उत्तर १० ऐवजी ३० येतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तिथे 'कॅरेक्टर लेंग्थ' वापरायला हवं. नव्या माणसाचा यात अख्खा दिवस जातो.

'कुणीही वंचित नाही'

सगळ्यात धोकादायक चूक मात्र वेगळीच आहे. ती समजायला कर्जमाफी आठवावी लागेल.

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले आणि बँकांनी आपापल्या याद्या दिल्या. दोन्हींचा मेळ बसेना, याद्या लांबल्या आणि राज्यभर गदारोळ झाला. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत पद्धत बदलली. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली ती प्रायोगिक तत्त्वावर, मोजक्या ६८ गावांची. त्यात १५,३५८ खाती होती. नगर जिल्ह्यातून राहुरी तालुक्यातलं ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातलं जखणगाव ही दोन गावं होती. प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक देऊन यादी गावात लावली, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना रक्कम पडताळली आणि ती पटली नाही तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे गेली. थोडक्यात, जुळणीच्या शेवटी जिवंत माणूस ठेवला.

तो नसता तर काय होऊ शकतं, ते बघा. समजा, पात्र शेतकऱ्यांचा एक तक्ता आहे आणि पैसे मिळालेल्या खात्यांचा दुसरा. प्रश्न असा: पात्र आहेत, पण पैसे मिळालेल्यांच्या यादीत नाहीत असे कोण? एसक्यूएलमध्ये त्यासाठी 'नॉट इन' लिहिण्याचा मोह होतो. आता दुसऱ्या तक्त्यात एका, फक्त एका ओळीत खाते क्रमांकाची जागा रिकामी आहे. डेटाबेसच्या भाषेत ती 'नल', म्हणजे 'माहीत नाही'.

पहिला शेतकरी घेऊन डेटाबेस विचारतो: हा त्या यादीत नाही ना? बाकी सगळ्या खात्यांशी तुलना करून 'नाही' म्हणता येतं. पण 'माहीत नाही'शी तुलना केली तर उत्तरही 'माहीत नाही'च येतं. कदाचित ती रिकामी जागा याच शेतकऱ्याची असेल! खात्री नाही, म्हणून ओळ गाळली जाते. हे प्रत्येक शेतकऱ्याच्या बाबतीत घडतं. शेवटी उत्तर येतं शून्य ओळी.

शून्य ओळींचा अर्थ वाचणारा काय लावेल? एकही पात्र शेतकरी वंचित राहिलेला नाही. प्रत्यक्षात हजारो राहिले असतील. 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं, किंवा 'लेफ्ट जॉइन' करून उजवी बाजू रिकामी राहिलेल्या ओळी काढल्या, तर हा घोळ होत नाही. उत्तर शून्य आलं की आनंद मानण्याआधी, ज्याला पैसे मिळाले नाहीत हे नक्की माहीत आहे असा एक माणूस त्या यादीत येतो का, ते तपासावं.

मग जुनं नाव सरसकट पुसून टाकावं का?

हा दुसरा लोकप्रिय उपाय आणि तो जास्त महागात पडतो. 'अहमदनगर' जिथे दिसेल तिथे 'अहिल्यानगर' करा, अशी एका ओळीची 'अपडेट' आज्ञा देता येते. पण १९४७ साली स्थापन झालेलं 'अहमदनगर कॉलेज' हे संस्थेचं नाव आहे. ते सरसकट बदललं, तर पदवीधराच्या हातातलं प्रमाणपत्र आणि कॉम्प्युटरमधली नोंद जुळणार नाही. २०१० सालच्या जन्मदाखल्यावर तेव्हाच्या जिल्ह्याचं नाव असणं ही चूक नव्हे, तो इतिहास आहे.

असा बदल करायचाच असेल तर आधी त्याच अटीने फक्त 'सिलेक्ट' चालवून कोणत्या ओळी बदलणार आहेत त्या डोळ्यांनी बघायच्या. मग 'ट्रान्झॅक्शन' सुरू करून बदल करायचा, किती ओळी बदलल्या ते तपासायचं आणि आकडा अपेक्षेबाहेर गेला तर 'रोलबॅक' करून मागे यायचं. 'व्हेअर' लिहायला विसरून अख्खा तक्ता बदलून बसण्याचे किस्से या धंद्यात कमी नाहीत.

नावाऐवजी क्रमांक

टिकाऊ उपाय बराच जुना आहे: ओळख नावावर ठेवायची नाही, अर्थ नसलेल्या क्रमांकावर ठेवायची. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत या जिल्ह्याचा क्रमांक ४६६ आहे. २०११ च्या जनगणनेत तो ५२२ होता. अर्जाच्या तक्त्यात फक्त क्रमांक ठेवला आणि नावं वेगळ्या तक्त्यात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' या दोन तारखांसह ठेवली, तर नामांतराच्या दिवशी एका ओळीला शेवटची तारीख लागते आणि दुसरी ओळ वाढते. लाखो अर्जांना हात लावावा लागत नाही. गाडीवरचा 'एमएच १६' याच न्यायाने शाबूत आहे.

क्रमांक अर्थहीन का हवा, याचं उदाहरण रेल्वेने दिलं. औरंगाबाद स्टेशनचा संकेत 'एडब्ल्यूबी' होता. नावावरून बेतलेला असल्यामुळे नाव बदलल्यावर तोही बदलून 'सीपीएसएन' झाला. उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर तिथेही नवा संकेत आला. या संकेतांवर तक्ते जोडणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला मग जुन्या आणि नव्याची सांगड घालत बसावं लागतं.

विभाजन झालं तर?

क्रमांकानेही एक प्रश्न सुटत नाही. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आहे आणि त्याच्या विभाजनाची मागणी जुनी आहे. मुख्यालय श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी, हा वादही तितकाच जुना. नामांतरात जागा तीच राहते, फक्त नाव बदलतं. विभाजनात मात्र ती जागाच दोन होते.

ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत राज्याचे ३५ जिल्हे आहेत आणि पालघर नावाचा जिल्हाच नाही. दोन काळांतल्या ठाण्याची तुलना करायची तर जुने आकडे तालुकानिहाय फोडून पुन्हा बेरीज करावी लागते.

जनगणना २०२७ ची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की २०११ शी तुलना होणारच. २०११ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती आणि ती नोंद जुन्या नावाखाली आहे. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत तर त्याचं स्पेलिंगही नेहमीपेक्षा वेगळं आहे, 'अहमद'मध्ये 'ई'च्या जागी 'ए'. दोन्ही वर्षांचे तक्ते नावावर जोडले तर अहिल्यानगरसमोर २०११ चा रकाना रिकामा दिसेल.