आईला वाचायला काहीतरी द्या



लहानपणी मी आठवड्यातून दोनदा वाचनालयात जायची. स्वतःसाठी नव्हे, आईसाठी. पिशवीत वाचून झालेलं पुस्तक आणि तोंडात पाठ केलेलं वाक्य: ‘आईला वाचायला काहीतरी द्या.’ तिथले काका मान वर न करता एक कादंबरी काढायचे आणि रजिस्टरात वडिलांचं नाव लिहायचे, कारण सभासद ते होते. आई ती वाचायची आणि विसरायची. एकदा तीच कादंबरी दुसऱ्यांदा आली, तेव्हा तिला ते निम्म्यात पोचल्यावर कळलं.

पुढे काका गेले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “मागचं आवडलं का गं आईला?” मला सांगता येईना. घरी येऊन विचारलं, तर आईलाही सांगता येईना. तिला काय आवडतं हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आलं. त्या दिवशी आमटी करपली. आई चुलीपुढे एकटीच हसत होती. पुस्तक परत करताना तिनं पहिल्यांदा चिठ्ठी दिली: ‘असं आणखी असेल तर द्यावे.’

मग विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. ते 1933 सालचं, म्हणजे तेव्हाच चाळीस वर्षांचं म्हातारं पुस्तक. पण समितीतल्या एका गृहस्थांनी बाईंना सुनावलं की घरोघर असली पुस्तकं पाठवू नका. बाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी माझ्याजवळ निरोप दिला, ‘पुढचं पुस्तक घ्यायला तुम्हीच या.’ आई त्या वाचनालयाची पायरी चढली ती अशी.

हे सांगायचं कारण असं, की परवा एका बैठकीत ‘बायका वाचत नाहीत’ हे वाक्य पुन्हा ऐकलं. बायकांपर्यंत काय पोचतं आणि ते कोण पोचवतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. परीक्षणं, पुरस्कार, संमेलनं हे सगळं शहरातल्या मूठभरांसाठी. गावात पुस्तकाची खरी शिफारस करते ती टेबलापलीकडची बाई. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं रंगनाथनांनी 1931 मध्ये लिहिलं. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 ची. स. गं. मालशे यांनी ती 1975 मध्ये पुन्हा छापून आणली, तेव्हा कुठे ती आपल्या हाती आली. मधल्या त्र्याण्णव वर्षांत किती जणींना ‘काहीतरी’ देण्यात आलं असेल!

आता या शिफारस करणाऱ्या बाईची स्थिती पाहा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची हजारो वाचनालयं सरकारी अनुदान घेतात, पण ती चालवतात स्थानिक संस्था. ग्रंथपाल सरकारी नोकर नाही. तिचा पगार त्याच अनुदानातून निघतो, आणि तो किती हे सांगताना तिलाच लाज वाटते. ‘ड’ वर्गात बहुधा ती एकटीच: झाडणं, नोंदी, वर्गणी सगळं तिच्याकडे. पुस्तकं मात्र समिती निवडते. समितीत बायका किती, ते आपापल्या गावी मोजून बघा. कमिशन जास्त मिळालं की गठ्ठा आला, आणि त्यातून ‘महिला विभाग’ भरला: पाककृती, रांगोळ्या, व्रतकथा. (लोणच्याच्या पुस्तकाशी माझं भांडण नाही. माझ्याकडेही एक आहे, तेलाच्या डागांसकट.) बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ किंवा उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ त्या कपाटात मी क्वचितच पाहिलं आहे.

म्हणून या अंकाच्या निमित्तानं एक मागणं आहे. वर्गणी स्वतःच्या नावानं भरा. संस्थेच्या वार्षिक सभेला जा, पुस्तकं कोण निवडतं ते विचारा, आणि ग्रंथपालाच्या पगाराचा प्रश्नही तिथेच उभा करा. तो तिनं एकटीनं विचारला तर तिची नोकरी जाते. आणि पुस्तक परत करताना आवडलं की नाही तेवढं तिला सांगा. पुढच्या बाईला काय द्यावं हे तिला त्यावरूनच कळतं.

एका तालुक्याच्या गावी माझी मैत्रीण ग्रंथपाल आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सोप्या भाषेत सांगणारी एक पुस्तिका ती वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवते. तिला नंबर नाही, रजिस्टरात नोंद नाही, कारण नोंद झाली की गावात कळतं. पुस्तिका अधूनमधून नाहीशी होते. मैत्रीण चौकशी करत नाही, स्वतःच्या पैशानं दुसरी आणून ठेवते. मागच्या वर्षी चार गेल्या. त्यातली एक पावसाळ्यानंतर परत आली, खाकी कव्हर घालून.