पस्तीस मिनिटं

परवा रात्री ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलो. एकटाच. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी. मोबाइलला नेटवर्क नाही, बॅटरी नऊ टक्के, आणि अलार्मचं बटण दाबलं तर कुठे काही वाजतंय याचा पत्ताच नाही. पहिली दहा मिनिटं स्वतःवरच जोक मारले. पंधराव्या मिनिटाला दारावर लाथा. विसाव्या मिनिटाला चक्क आरशातल्या स्वतःशी मोठ्याने बोलायला लागलो. पस्तिसाव्या मिनिटाला वॉचमनकाकांनी दार उघडलं, तेव्हा त्यांना मिठी मारायचंच काय ते बाकी होतं.

त्या रात्री झोप कुठली! आठवत राहिला तो कलीफ ब्राउडर. त्याच्यावरची डॉक्युमेंटरी सीरिज (२०१७ ची, रॅपर जे-झी तिच्या निर्मात्यांपैकी एक) मागे एका वीकेंडला पॉपकॉर्न घेऊन बघायला बसलो होतो. पॉपकॉर्न तसेच राहिले.

कलीफ न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. मे २०१० मध्ये, सोळा वर्षांचा असताना, पार्टीहून घरी चालत येत होता. पोलिसांनी धरलं. आरोप काय, तर कुणाची तरी बॅकपॅक चोरली. खिशात चोरीचं काही सापडलं नाही. जामीन तीन हजार डॉलर. घरच्यांना जमला नाही. आधीच्या एका प्रकरणात तो प्रोबेशनवर असल्यामुळे पुढे तर जामिनाचा रस्ताच बंद झाला. रवानगी रायकर्स आयलंडला. हे ईस्ट रिव्हरमधलं जेलचं बेट, पाण्यापलीकडे लाग्वार्डिया एअरपोर्ट. आपल्यातल्या कितीतरी ऑनसाइटवाल्यांनी विमान उतरताना खिडकीतून ते पाहिलंही असेल.

तिथे त्याची तीन वर्षं गेली. खटला उभाच राहिला नाही, नुसत्या तारखा. आणि त्यातली जवळजवळ दोन वर्षं एकांत कोठडीत. मारामारी केली म्हणून शिक्षा, आत काही नियम मोडला की आणखी दिवस. दिवसाचे तेवीस तास दार बंद.

बॉस, हे तेवीस तास जरा डोक्यात घ्या. एकटेपणाचं कौतुक आपण खूप करतो. ‘मला माझी स्पेस हवी’ हे वाक्य मी स्वतः महिन्यातून चारदा टाकतो. पण स्पेस म्हणजे हवं तेव्हा दार उघडता येणं. यूएनच्या २०१५ च्या मंडेला नियमांत बावीस तास किंवा जास्त, माणसाशी धड संपर्क नाही, याला एकांत कोठडी म्हटलंय आणि सलग पंधरा दिवसांच्या वर ती नकोच असं सांगितलंय. हे मोठ्या माणसांसाठी! अल्पवयीन मुलांना ती देऊच नये, हे तर यूएनने १९९० मध्येच लिहून ठेवलंय. कारण सोपं आहे, सोळाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो. मुलगा खचतो, चिडतो, आरडाओरडा करतो. त्याला हवा असतो डॉक्टर, आणि मिळतात कोठडीचे आणखी दिवस. अशा ठिकाणी समुपदेशनसुद्धा अनेकदा बंद दारातून होतं, शेजारच्या कोठड्यांना ऐकू जाईल असं. तुम्ही सांगाल का त्या दारातून मनातलं?

कलीफने आत असताना जीव द्यायचा प्रयत्न एकदा नाही, अनेकदा केला. तरीही गुन्हा कबूल केलास तर आजच घरी, अशी ऑफर आली तेव्हा हा पठ्ठ्या नाही म्हणाला. केलंच नाही तर कबूल काय करू? शेवटी २०१३ मध्ये सुटला, आरोप मागे घेतले गेले. कॉलेजात नाव घातलं. पण घरी स्वतःच्या बेडरूममध्येही तो कोठडीतल्यासारख्या येरझाऱ्या घालायचा. टीव्ही आपल्यावर नजर ठेवतो म्हणून नवाकोरा सेट टाकून दिला. मानसोपचारासाठी दवाखान्यात भरती, परत घर, परत भरती. जून २०१५ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. वय बावीस.

त्याआधी, २०१४ च्या शेवटी, न्यूयॉर्क शहराने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची एकांत कोठडी बंद केली होती. जानेवारी २०१६ मध्ये ओबामांनी फेडरल तुरुंगांतली मुलांची एकांत कोठडी बंद केली, तेव्हा कलीफचं नाव घेतलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सोळा वर्षांच्या मुलाला आपोआप प्रौढ धरणंही थांबवायचा कायदा केला. (गंमत बघा, आपण २०१५ मध्ये नेमके उलटे निघालो. सोळा ते अठरामधल्या मुलांवर घोर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवायची सोय कायद्यात आणली. त्या वेळी कॅन्टीनमध्ये मीही ‘बरोबरच आहे’ म्हणालो होतो. आता इतक्या झटकन म्हणवत नाही.)

२०१९ मध्ये शहराने ब्राउडर कुटुंबाला तेहेतीस लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. त्याच्यासाठी भांडत राहिलेली आई, वेनिडा, तोवर नव्हती. २०१६ मध्येच हार्ट अटॅकने गेली.

लिफ्टच्या दुसऱ्या दिवशी एचआरची मेल आली. ‘काल तुम्हाला त्रास झाला असेल, आपल्या काउन्सेलरशी बोलायचं आहे का? बुधवारी साडेचारचा स्लॉट रिकामा आहे.’

मी हो कळवलं. आणि सध्या चार मजले जिन्यानेच चढतोय.