पाणथळीवरील विद्युत ड्रोन : विस्तार मोठा, भार हलका

गुजरातमधील डभोई तालुक्यातील वढवाणा जलाशय बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या राजवटीत, १९१० मध्ये, सिंचनासाठी बांधला गेला. हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांमुळे २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी गोव्यातील कुडचडेच्या नंदा तळ्यालाही तो मान लाभला. दोन्ही ठिकाणचे पाणी शेतीलाही हवे आणि पक्ष्यांनाही. ते कधी, किती सोडावे याचा न्याय्य निर्णय नियमित मोजणीवाचून होऊ शकत नाही. विज्ञानासाठीच्या मोठ्या विद्युत ड्रोनचा प्रश्न इथे सुरू होतो.

पक्ष्यांची छायाचित्रे लहान ड्रोनही टिपतो. परंतु पाणवनस्पतींचा विस्तार, पृष्ठभागाचे तापमान आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातील गाळ एकाच फेरीत मोजायचा, तर बहुवर्णी कॅमेरा, उष्णताग्राही कॅमेरा आणि लेसर मापक एकत्र न्यावे लागतात. हा भार उचलायला अधिक बॅटरी लावणे हा सोपा वाटणारा, पण फसवा मार्ग आहे. पंखे तेच ठेवून एकूण वजन दुप्पट केले, तर हवेत स्थिर राहण्यास लागणारी शक्ती सुमारे २.८ पट होते. म्हणजे बॅटरीचा बराचसा भाग स्वतःलाच उचलण्यात खर्ची पडतो.

उपाय रचनेत आहे. पंखे मोठ्या व्यासाचे आणि संथ फिरणारे असावेत. दूरच्या फेरीसाठी विमानासारखे स्थिर पंख असावेत. एअरबसच्या सौरऊर्जेवरील ‘झेफिर’च्या पंखांचा विस्तार २५ मीटर, वजन मात्र सुमारे ७५ किलो, २०२२ मध्ये ते ६४ दिवस आकाशात राहिले. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनेही २०२४ मध्ये चळ्ळकेरे येथे याच जातीच्या लहान प्रतिकृतीची चाचणी घेतली. संथ पंख्यांचा आवाजही कमी असतो. ज्यांची गणना करायची ते थवेच उडून गेले, तर मिळालेली आकडेवारी निरर्थक ठरते.

नियमांची चौकटही रचनेइतकीच निर्णायक आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५ किलोपर्यंतचा ड्रोन लहान, १५० किलोपर्यंतचा मध्यम आणि त्यापुढचा मोठा गणला जातो. संशोधन संस्थांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. मात्र ती हरित क्षेत्रातील, स्वतःच्या आवारातील किंवा ताब्यातील जागेपुरतीच. सार्वजनिक जलाशयावरील नियमित सर्वेक्षण त्या सवलतीत सहज बसत नाही.

म्हणूनच आधी यंत्र खरेदी करून नंतर त्याचा उपयोग शोधणे परवडणारे नाही. कोणती माहिती, किती दिवसांनी आणि किती अचूक हवी, हे वन व जलसंपदा खात्यांनी शास्त्रज्ञांसह प्रथम ठरवावे आणि त्यानुसार आराखडा करावा. पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात त्या माहितीला स्थान नसेल, तर वढवाण्यात काय किंवा कुडचड्यात काय, रामसर दर्जा फलकापुरताच उरेल.