प्रवास-विवेक : घसरणारा गिअर आणि तेलाची पातळी

स्वयंचलित गिअरची मोटार आता व्यापारी कुटुंबांत नवलाईची राहिलेली नाही. क्लचचे पेडल नाही, गिअर बदलण्याची यातायात नाही. त्यामुळे घरातील ज्येष्ठांपासून नुकतीच गाडी शिकलेल्या मुला-सुनांपर्यंत सर्वांनाच ती सोयीची वाटते. परंतु ही सोय ज्या यंत्रावर उभी आहे, ते नजरेआड असते आणि त्याची तक्रार बहुधा उशिराच लक्षात येते. एखाद्या दिवशी कसारा घाट किंवा खंबाटकीचा चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला जातो, इंजिनाचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर झेपावतो. वेग मात्र वाढत नाही. मागून मालट्रक येत असतो, गाडीत लेकरेबाळे आणि वृद्ध बसलेले असतात. यालाच गिअर घसरणे अथवा ‘स्लिप होणे’ म्हणतात.

या दोषाचे परिणाम तीन ठिकाणी भोगावे लागतात. पहिला सुरक्षिततेचा : ओव्हरटेक करताना गाडीने दगा दिला तर निस्तरायला वेळ मिळत नाही. दुसरा पैशाचा : वेळीच लक्ष दिले तर गळके सील आणि थोडे तेल एवढ्यावर भागणारे काम, दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जाते. तिसरा परिणाम सहसा बोलला जात नाही, तो न्यायाचा. पेढीवरच्या गाडीत बिघाड झाला की ‘ड्रायव्हरने गाडी खराब केली’ असा ठपका ठेवून मोकळे होण्याची सवय अनेक घरांत असते. पुष्कळदा दोष एखाद्या सुकलेल्या सीलचा असतो आणि शब्द ऐकावे लागतात ते पगारी माणसाला. म्हणून निदान आधी आणि निर्णय नंतर, हा क्रम येथेही पाळला पाहिजे.

तेलाचे काम काय?

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे मुख्य काम वंगणाचे. टॉर्क कन्व्हर्टरच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल हेच यंत्राचे रक्त असते. इंजिनाची शक्ती कन्व्हर्टरमधून पुढे पोहोचते ती तेलाच्या प्रवाहामुळे. आतला पंप तेलाला दाब देतो, त्या दाबाने क्लच प्लेटांचे संच घट्ट आवळले जातात आणि त्यातून गिअर पडतो. तेच तेल दात्यांना वंगण देते आणि तेच आतली उष्णता बाहेर नेऊन कूलरमध्ये सोडते. पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून दाब ढिला पडतो, क्लच प्लेटा पूर्ण आवळल्या जात नाहीत आणि एकमेकींवर घासू लागतात. घासण्याने उष्णता वाढते, उष्णतेने तेल जळते आणि जळलेले तेल प्लेटांना आणखी निकामी करते. एक तूट दुसऱ्या तुटीला जन्म देते, तसाच हा प्रकार.

गिअरबॉक्स कोणत्या जातीचा?

निदानापूर्वी एक खुलासा अत्यावश्यक आहे. क्लचचे पेडल नसलेल्या सर्वच गाड्या एका जातीच्या नसतात. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर भारतात रुळू लागलेला एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स असून त्याचा क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्यातील क्लच प्लेट कोरडी असते. ती झिजून गाडी घसरू लागली तर गिअरचे तेल तपासून दोष सापडत नाही. होंडा सिटीसारख्या गाडीत मिळणाऱ्या सीव्हीटीमध्ये पायऱ्यापायऱ्यांचे गिअर नसून पट्टा आणि पुली असतात, आणि त्याचे तेलही वेगळे असते. दोन क्लचच्या डीसीटी प्रकारात काही क्लच कोरडे, तर काही तेलात बुडलेले असतात. पुढील विवेचन मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सविषयी आहे. आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून निश्चित करावे.

घसरण खरी की भासमान?

प्रत्येक वेळी आरपीएम वाढला म्हणजे गिअर घसरला असे नव्हे. ॲक्सिलरेटर खोल दाबल्यावर गाडी स्वतःहून खालच्या गिअरमध्ये उतरते. त्या वेळी इंजिनाचा आवाज वाढतो, पण त्याबरोबर ओढही वाढते. सीव्हीटीमध्ये आवाज आधी आणि वेग नंतर, हा तर स्वभावच आहे. घसरणीत आवाज वाढतो आणि ओढ येतच नाही, हा मुख्य भेद.

खात्री करण्यासाठी सकाळच्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी हलक्या पायाने चालवावी आणि काट्याकडे शेजारी बसलेल्याने लक्ष ठेवावे. वरचा गिअर पडताना काटा खाली यायला हवा. खाली येण्याऐवजी तो क्षणभर वर उडाला आणि मग झटका बसून गिअर पकडला गेला, तर ती घसरण होय. पुढे चार गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात.

एक, दोष कोणत्या गिअरला होतो? सर्वच गिअर घसरत असतील तर संशय तेलाची पातळी, गाळणी, पंप किंवा कन्व्हर्टर यांच्याकडे जातो. एकच गिअर घसरत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा त्याला तेल पुरवणारा व्हॉल्व्ह संशयास्पद ठरतो.

दोन, गाडी थंड असताना की तापल्यावर? सकाळी पहिल्यांदा गिअर उशिरा पडत असेल तर आतील रबरी सील कडक झाल्याची शक्यता असते. तापल्यावरच दोष दिसत असेल तर तेल पातळ होऊन झिजलेल्या सीलांमधून दाब निसटत असावा.

तीन, गाडी उभी असताना ब्रेकवर घट्ट पाय ठेवून एनवरून डीमध्ये आणि पुन्हा एनवरून आरमध्ये दांडी घ्यावी. साधारण एक ते दीड सेकंदात गिअर पडल्याची हलकी जाणीव व्हायला हवी. त्याहून स्पष्ट विलंब हे लक्षण होय.

चार, डॅशबोर्डवर इंजिनाचा किंवा गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला होता का? लागला असल्यास स्कॅनर जोडून कोड वाचून घ्यावा. पी ०७३० हा कोड गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचे दाखवतो, तर पी ०७४१ कन्व्हर्टरच्या आतील क्लचविषयी असतो. कोड कोणत्या दिशेने शोध घ्यायचा एवढेच सांगतो. तो वाचून लगेच भाग बदलू नये.

ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची जी ‘स्टॉल’ चाचणी काही जण सुचवतात, ती घरी करू नये. काही सेकंदांतच तेल भयंकर तापते, आणि गाडी पुढे सुटली तर अपघात ठरलेला.

पातळी तपासण्याची रीत

गाडीला गिअरबॉक्सची स्वतंत्र डिपस्टिक असेल तर हे काम घरीही होते. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल गरम करावे, कारण गरम तेल फुगते आणि थंड स्थितीतील वाचन फसवे ठरू शकते. नंतर सपाट जागेवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा. ब्रेकवर पाय ठेवून दांडी प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावी, म्हणजे सर्व वाटांत तेल भरते, आणि ती पीवर आणावी. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहायची असते. मात्र होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पाहावी लागते. म्हणून पुस्तिकेतील सूचना हीच अंतिम मानावी. इंजिन चालू असताना साडीचा पदर, ओढणी, सैल बाही पंखा आणि पट्ट्यापासून दूर असाव्यात.

डिपस्टिक काढून धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून दोन्ही बाजू पाहाव्यात. दोन बाजूंत फरक दिसला तर खालची खूण खरी धरावी. तेल ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये असेल तर पातळी योग्य. कमी असल्यास त्याच गाडीसाठी नेमून दिलेले तेल बारीक नाळक्याने थोडे थोडे, एका वेळी पाव लिटरहून कमी घालावे आणि पुन्हा मोजावे. अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज चुकीचा आहे. पातळी जास्त झाली की फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि पुन्हा दाब पडून गिअर घसरतो. तूट आणि अतिरेक, दोहोंचे फळ येथे एकच.

आजच्या पुष्कळ गाड्यांत ही डिपस्टिकच नसते. तेथे गाडी लिफ्टवर समपातळीत उचलून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचे तापमान कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत आल्यावर तपासणीचा बोल्ट उघडायचा असतो. तेल बारीक धारेने ठिबकले तर पातळी बरोबर. हे काम जाणत्या गॅरेजचेच. तापमान न पाहता बोल्ट उघडणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.

तेलाचा रंग आणि वास

पातळीबरोबर तेलाचा रंगही बोलतो. पांढऱ्या कागदावर एक थेंब टिपून पाहावा. नवे तेल बहुधा लाल असते. तपकिरी छटा वापराने येते. काळे, करपलेल्या वासाचे तेल क्लच प्लेटा जळाल्याची साक्ष देते. गुलाबी दुधासारखे गढूळ तेल म्हणजे आत पाणी किंवा कूलंट शिरले आहे. गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आतच असलेल्या गाड्यांत असे घडते, आणि मग ती गाडी एक किलोमीटरही चालवू नये. चेंबर उघडल्यावर चुंबकावर करडी, लोण्यासारखी बारीक पूड मिळणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे वा चकत्या मिळणे मात्र चिंतेचे.

पातळी कमी निघाली तर ‘तेल गेले कुठे?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इंजिन ऑईल काही अंशी जळते. गिअरबॉक्सचे तेल जळून संपत नाही, कमी झाले असेल तर गळलेच आहे. रात्री गाडीखाली खोक्याचा स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी पडलेला डाग चेंबरचे पॅकिंग, कूलरच्या नळ्या किंवा ॲक्सलचे सील यांपैकी कुणाकडे बोट दाखवतो, ते कळते.

या तेलाच्या इतिहासात अहिंसेच्या दृष्टीने विचार करायला लावणारे एक प्रकरण आहे. पूर्णतः स्वयंचलित आणि मोठ्या संख्येने बनलेला पहिला गिअरबॉक्स ‘हायड्रा-मॅटिक’ हा जनरल मोटर्सने १९३९ साली आणला. पुढे कित्येक वर्षे अशा तेलांत घर्षण नेमके राखण्यासाठी स्पर्म व्हेल या महाकाय सागरी जीवापासून काढलेले तेल मिसळले जाई. १९७० साली अमेरिकेने या प्राण्याचा समावेश संकटग्रस्तांच्या यादीत केला, आणि त्या दशकात रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. आरंभी अडचणी आल्या. परंतु जीवहत्येवाचून काम भागते हे अखेर सिद्ध झाले. आज व्हेलच्या तेलावाचून गिअरबॉक्स चालतात आणि चांगले चालतात.

गॅरेजशी व्यवहार

नव्या तेलाने झिजलेल्या प्लेटा भरून येत नाहीत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. पातळी कमी असल्याने होणारी घसरण योग्य पातळीने थांबू शकते. करपलेल्या प्लेटांची घसरण थांबत नाही. चेंबरमधून एका वेळी सर्व तेल निघतही नाही; बराच भाग कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून ‘तेल बदलले’ म्हणजे किती लिटर बदलले, हे बिलात पाहावे आणि तेलाचे मानक नावानिशी लिहून घ्यावे. काही गाड्यांत तेल ‘आयुष्यभराचे’ म्हटले जाते. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या अशा गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, अथवा ८ वर्षांत बदलण्याची शिफारस करते.

गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज, स्कॅनरचे कोड आणि तेलाची स्थिती मागावी. काढलेले भाग पाहण्यास मागावेत. काम मोठे निघाल्यास दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे. गाडी वाटेत अडली तर चालती चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढू नये; इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि वंगणावाचून आतले भाग खराब होतात. गाडी पूर्ण उचलून नेणारे वाहन बोलवावे.

शेवटी एक सावधगिरी खरेदीची आणि एक विक्रीची. जुनी स्वयंचलित गाडी घेताना ती थंड असताना सुरू करून पाहावी आणि अर्धा तास चालवून तापल्यावरही पाहावी. आपली गाडी विकताना मात्र, घट्ट रसायन ओतून चार दिवस घसरण लपवण्याचा जो मार्ग बाजारात सुचवला जातो, त्याला नकार द्यावा. दोष सांगून दोन पैसे कमी घेतले तर पेढीचे नाव शिल्लक राहते. दोष लपवून गाडी विकली, तर घाटात तीच गाडी दुसऱ्या कुणाच्या लेकरांना घेऊन चढणार असते.