साखर रक्तात, मग ताकद कुठे?

उमरग्यात पालक सभा संपली की एखादी आई मागे थांबते आणि मुलाच्या अभ्यासाऐवजी घरचा प्रश्न काढते. परवाचा प्रश्न असा : “सासूबाईंची शुगर तीनशेच्या घरात आहे, तरी उठवत नाही म्हणतात. साखर म्हणजे ताकदच ना?” दहावीच्या विज्ञानातल्या पेशीश्वसनात याचे उत्तर आहे. मुले ते गुणांपुरते पाठ करतात, ही वेगळी गोष्ट.

एसटीत पाचशेची नोट पुढे केली की कंडक्टर काय म्हणतो, ते सर्वांना माहीत आहे. शरीराचेही तसेच. ग्लुकोज ही मोठी नोट. स्नायू आखडणे, मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोहोचणे हे व्यवहार सुट्ट्या पैशांत होतात, आणि त्या सुट्ट्यांचे नाव एटीपी.

नोट मोडते पेशीत. आधी पेशीद्रवात ग्लुकोजचा एक रेणू फुटून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. त्यात हाती लागतात फक्त दोन एटीपी, पण ऑक्सिजन लागत नाही. गाडी सुटतेय म्हणून आपण जीव तोडून धावतो तेव्हा स्नायू बरेचसे यावरच भागवतात. खरी कमाई पुढे, तंतुकणिकेत. तिथे उरलेल्या भागाचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजन शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी बनतो आणि एकूण 30 ते 32 एटीपी पदरात पडतात. (आमच्या शालेय दिवसांत हा आकडा 38 होता, मोजणी सुधारली.) आपण श्वास घेतो तो मुख्यतः याच कामासाठी.

एटीपी साठवता येत नाही. अंगात एका वेळी ते पावशेरही नसते. तेच मोडते, पुन्हा जुळते. दिवसभराचा हिशेब मांडला तर जवळपास आपल्या वजनाइतके भरते! निरोगी माणसाच्या रक्तातले ग्लुकोजही एका वेळी चमचाभरच, चार-पाच ग्रॅम.

आता सासूबाई. ग्लुकोजला स्नायूच्या पेशीत शिरायला दार लागते, आणि ते उघडवते इन्सुलिन. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा पेशी त्याला जुमानत नाही. नोटांची थप्पी दाराबाहेर, आत सुट्ट्यांची चणचण. अशा वेळी “अशक्तपणा आलाय” म्हणून सरबत पाजले की थप्पी तेवढी वाढते.

आपल्याकडे हा आजार सडसडीत माणसांनाही का गाठतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता आणि त्यांची बाळे अभ्यासली. बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. ग्लुकोज खर्च करणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि तेच मुळात कमी. म्हणून गरोदर सुनेच्या ताटाकडे आधी बघा.

एक दार मात्र इन्सुलिनविनाही उघडते. चालताना, काम करताना स्नायू स्वतःच ग्लुकोज आत ओढतो. जेवणानंतरची पंधरा मिनिटांची फेरी यासाठी.

रमजानबद्दल स्पष्ट सांगतो. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. रोजात घाम, थरथर, भोवळ आली तर अंदाज न करता बोट टोचून शुगर मोजावी; तपासणीने रोजा मोडत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर असेल तर रोजा सोडावा. 70 च्या खाली असेल तर साखर लगेच द्यावी, कारण मेंदूचा दिवसाचा खर्चच सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोजचा आहे आणि त्याला थांबता येत नाही. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिलेली आहे. सासूबाई ऐकत नसतील, तर हे पान त्यांना वाचून दाखवा.